बुटातला कापूस

मालिक दुपारी दोनच्या आत मरायला हवा होता. दोनला दिग्दर्शक येणार, शेवटचं रीळ ऐकणार, मान डोलावणार, आणि मग त्या सिनेमाला कुणालाच बोट लावता येणार नव्हतं.

मालिक म्हणजे त्या हिंदी सिनेमातला म्हातारा गुंड. सव्वादोन तास तो माणसं मारतो, मारवतो, गोदामं पेटवतो, पोलिसांना टोप्या घालतो आणि शेवटी एका जुन्या गोदामाच्या लांबलचक लाकडी व्हरांड्यातून स्वतःच्या मरणाकडे चालत जातो. मागून चालतो छोटे. मालिकनेच रस्त्यावरून उचलून वाढवलेला हा पोरगा, कोटाखाली पिस्तूल धरून. साडेतीन मिनिटं नुसतं चालणं, संगीत नाही की आरडाओरडा नाही. दिग्दर्शक म्हणाला होता, "आप्पा, हा सीन मी तुमच्या पायांवर सोडलाय."

आप्पांनी घरी येऊन हे वाक्य चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी त्यांची लेक चिमी उठून आत गेली.

कारण आप्पांचे पाय आता उशिरा पडत होते. सिनेमातली पावलं शूटिंगच्या वेळी नीट सापडत नाहीत. ती मागाहून अशा एखाद्या बंद खोलीत, पडद्यावरच्या माणसाचे पाय बघत, कुणीतरी चालून भरायची असतात. या खोलीत त्यासाठी फरशीचा पट्टा होता, लाकडी फळ्यांचा पट्टा होता, खडीची पेटी, वाळूची पेटी आणि भिंतीशी चौसष्ट जोड बूट-चपला. आप्पांनी इथे पंचेचाळीस वर्षांत नायक चालवले, खलनायक चालवले, एकदा तर हत्तीही चालवला. पाय डोळ्यांच्या हुकमाने पडतो खरा, पण तो जागेवर पडला की नाही, हे कान सांगतात. आणि आप्पांच्या कानांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता. मोठ्याने बोललेलं कळायचं, स्वतःचं पाऊल कळायचं नाही. चूक डोळा लवायच्या आतली, पण पडद्यावर तेवढीही पुरते. माणूस पुढे चालतो आणि त्याचं भूत मागून येतं.

म्हणून दोन वर्षं भावंडांचा एक चोरटा उद्योग चालला होता. संध्याकाळी पाचला आप्पा समाधानाने घरी गेले की चिमी त्यांचेच बूट चढवून सगळं पहिल्यापासून चालायची. काचेपलीकडे बसलेला तिचा धाकटा भाऊ आप्पांची पावलं काढून तिची बसवायचा. लहानपणी रेडिओच्या खुंट्या पिळून पिळून मोडायचा म्हणून त्याचं नाव खुंट्या पडलं. आता खुंट्या पिळायचाच त्याला पगार मिळतो आणि बाहेरचे लोक साहेब म्हणतात. सात सिनेमे असे झाले; मालिकचा आठवा, काल रात्रीच चिमीने चालून संपवलेला. सातही सिनेमांत नाव आप्पांचं. चिमीला त्याचं काही वाटत नव्हतं, असं ती म्हणायची.

"आई जिना चढतेय," खुंट्या माइकवर म्हणाला. "ताई, आज तिला कळलं तर?"

"सात वेळा कळलं नाही, आजच कसं कळेल?"

"आज नुसती पावलंच आहेत गं. लपायला जागा नाही."

"तू तोंड बंद ठेव, म्हणजे झालं," चिमी म्हणाली आणि तळहात कपड्यांना पुसले.

आईची खुर्ची पडद्याकडे पाठ करून मांडलेली होती. ही या घरची रीत. आई तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून द्यायची, आणि नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा बायकोशी खोटं बोलणार आहे की सावकाराशी, ते सांगायची. लग्नानंतर आप्पांनी ठरवूनच टाकलं होतं की काम झालं की पहिल्यांदा हिने पाठमोरं बसून ऐकायचं. बघणाऱ्याला डोळे फसवतात. हिने 'छान' म्हटलं की काम संपलं, मग दिग्दर्शक काही का म्हणेना.

आप्पा तिच्यासमोर स्टुलावर बसले. पडद्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते बायकोचा चेहरा बघत होते.

"लाव रे," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पहिलं पाऊल पडलं आणि ते कुणाचं, हे तिला कळलं. सातही वेळा कळलं होतं. चिमीची टाच आधी येते, यांचा तळवा. पोटच्या पोरीचं चालणं ओळखायला टेलिफोनची नोकरी लागत नाही. सातही वेळा आई 'छान' म्हणाली होती, कारण त्या संध्याकाळी घरी येऊन हे न्हाणीघरात शीळ घालायचे. या वयात माणसाला शीळ घालावीशी वाटते, मग एका शब्दाने कुणाचं काय बिघडतं?

आजही पावलं चोख होती. मालिकचं एक, छोटेचं एक, आलटून पालटून. फळ्या कुरकुरत होत्या, तीही कुरकुर बरोबर जागी. व्हरांड्याच्या टोकाशी छोटेचा आवाज आला, "पीछे मत देखिए, मालिक।" आणि म्हाताऱ्याचा, शांत, "देखना क्या है? तेरे पाँव पहचानता हूँ।" मग रिकामी जागा. तिथली गोळी अजून भरायची होती.

आईने डोळे उघडले. नवरा समोर बसलेला, मान पुढे काढून. 'छान' तिच्या जिभेवर तयार होतं. पण गेल्याच आठवड्यात दिवे मालवताना हा माणूस म्हणाला होता, की हा शेवटचा, यानंतर बूट भिंतीला. पोरांना एवढ्यात सांगू नकोस.

"नाही जमलं," आई म्हणाली.

"काय?" आप्पांनी कानामागे हात धरला.

"नाही जमलं म्हणते मी!" ती मोठ्याने म्हणाली. "पावलं जागेवर आहेत. पण हा मरायला चाललेला माणूस नाही हो. हा बस पकडायला चाललाय."

चिमीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आप्पांच्या हाताखालच्या वीस वर्षांत तिच्या कामाला कुणी असं झोडलं नव्हतं, आणि आज झोडलं तर 'माझं आहे ते' असं म्हणायचीही सोय नव्हती.

आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "मग पुन्हा चालू या. किती वाजले?"

साडेअकरा वाजले होते. खुंट्या काचेमागून धावत बाहेर आला. आप्पा आता चालले की उशिरा चालणार, आणि ते घरी जाईपर्यंत थांबायला वेळ नाही, हा हिशेब त्याच्या तोंडावर लिहिलेला होता. त्याने आईचा दंड धरला आणि तिला बाहेरच्या बोळात नेलं. मागोमाग चिमी.

"आई, काय करून बसलीस हे!"

"खरं बोलले. सात वेळा खोटं बोलले, तेव्हा नाही कुणी मला बोळात ओढलं."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?" चिमीने विचारलं.

"तीस वर्षं या कानांचा पगार खाल्लाय मी."

"मग आजच का? आज काय अडलं होतं तुझं?" खुंट्या चिडून म्हणाला. "दोनला माणूस येतोय."

"हा त्यांचा शेवटचा सिनेमा आहे, म्हणून," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हाला सांगणार नव्हते ते. उद्या लोक म्हणणार, म्हाताऱ्याचं शेवटचं काम काय झालंय! आणि त्यात त्यांचं एक पाऊल नाही. याला मी छान म्हणू?"

चिमीला रडू यायला लागलं. तिने ते गिळलं. "मग त्यांची उशिराची पावलं ठेवू? लोक हसतील, आई. त्यांच्यावर हसतील."

"म्हणजे दादाचं काम तुम्ही खोडताय होय?"

जिन्याच्या वळणावर काका उभे होते. एका हातात वेताची छडी, दुसऱ्या हातात जुन्या खुर्चीची चामड्याची गादी.

काका आप्पांचे धाकटे भाऊ. घरातली वाटणी फार जुनी होती. पावलं आप्पांची, गोळ्या काकांच्या. ही छडी या गादीवर अशी बसायची की थिएटरातले लोक खाली वाकायचे. मग बंदुका कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसल्या आणि काका घरी. या दिग्दर्शकाला मात्र एक गोळी हाताची हवी होती, मालिकला लागणारी शेवटची, म्हणून आज काका आले होते. नाहीतर या दारात त्यांनी बावीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी आप्पा भर खोलीत म्हणाले होते, "ही गोळी आहे की टायर पंक्चर झालंय?" तेव्हापासून दोघं भाऊ लग्नकार्यातसुद्धा वेगवेगळ्या भिंतींना टेकून उभे राहायचे.

"काका, तुम्ही यात पडू नका," खुंट्या म्हणाला.

"का पडू नको? बावीस वर्षं मी त्याच्याशी बोलत नाही. पण आम्ही एकमेकांना जे काय बोललो ते तोंडावर! आणि तुम्ही? मागून त्याचे पाय कापताय आणि वर पाया पडताय."

"भावजी, ऐका जरा," आई म्हणाली.

"वहिनी, तुम्हीसुद्धा? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

काका आत शिरले ते तरातरा. खरं तर जिन्याच्या खाली ते दहा मिनिटं घुटमळले होते, कारण भावासमोर काय बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं. आता सुचलं. राग हा मोठा सोयीचा असतो, बावीस वर्षांचं अंतर तो चार पावलांत पार करतो. लाकडी फळ्यांवर, बुटांच्या रांगेशी पाठमोरे बसलेल्या आप्पांनी आधीच मान वळवली होती. काकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ते ओरडले, "दादा! ही पोरं तुला फसवतायत! तुझी पावलं काढून टाकतात!"

आप्पांनी सावकाश वर पाहिलं.

"तू बोललास?"

"ते जाऊ दे! मी सांगतोय काय? ही चिमी..."

"माझे बूट घालते आणि चालते. माहीत आहे मला."

काकांची छडी अर्ध्यात राहिली. दारात तिघं जागच्या जागी थिजली.

आप्पांनी मालिकचा बूट हातात घेतला, बोटं आत घातली आणि अंगठ्याकडून कापसाचा एक मोठा बोळा काढला. मग दुसऱ्या बुटातून दुसरा. दोन्ही त्यांनी शेजारी फळीवर ठेवले.

"बूट नवाचा, हिचा पाय सहाचा. चालणार कशी? कापूस भरते. पहिल्या वेळी काढायला विसरली. सकाळी मी पाय घातला तर बोटं अडली. आधी वाटलं, उंदराने घर केलं." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "मग घरी हिच्या टाचांना पट्ट्या बघितल्या. दोन्ही टाचांना. तेव्हा समजलं, उंदीर कोण ते."

"आप्पा..." चिमी म्हणाली.

"टाच सुटत होती तुझी. कापूस कमी पडत होता. मग मी टोकाशी आधीच थोडा दडपून ठेवायला लागलो, तुझ्या हाताला लागणार नाही असा."

चिमीला आठवलं. तिसऱ्या सिनेमापासून बूट बरे बसायला लागले होते. टाचा सोलायच्या थांबल्या होत्या. तिला वाटलं होतं, पायांना सवय झाली. म्हणजे सकाळी हे बोळे काढायचे, दिवसभर चालायचे, आणि पाचला घरी जाताना पुन्हा भरून ठेवायचे. तिच्यासाठी. तिला कळू नये अशा बेताने.

"मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं. तिला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा ते समजत नव्हतं.

"काय बोलू? मला कळू नये म्हणून तू एवढी धडपडत होतीस, ती धडपड मोडवेना." आप्पा बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होते. "हे झालं एक. आणि दुसरं, नाव माझं येत होतं. दिवे लागले की पडद्यावर माझं नाव. ते सोडवेना गं. कामाची लाज वाटायची आणि नावाची हाव सुटायची नाही. तुझं नाव मी दोन वर्षं खाल्लं, चिमे."

आई पुढे आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे," काका म्हणाले, "या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि मी एकटाच बोंबलतोय?"

"सवय आहे तुला," आप्पा म्हणाले.

खुंट्याला आधी हसू फुटलं, मग आईला. काकासुद्धा तोंड फिरवून हसले. बावीस वर्षांचं भांडण असं कुणी न मिटवता मिटलं. पण पडद्यावर मालिक पुन्हा व्हरांड्याच्या तोंडाशी पाय उचलून उभा होता, आणि घड्याळ थांबलेलं नव्हतं.

"मरायला चाललेला माणूस कसा चालतो, ते चिमीला माहीत नाही," आप्पा म्हणाले. "माहीत नाही तेच बरं. मला माहीत आहे. तो घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही. प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवतो, कारण ते पुन्हा टेकवायचं नसतं. मला येतं ते. पण मला ऐकू येत नाही. तेव्हा हिचंच ठेवा. आणि नाव हिचं लावा."

"थांबा," चिमी म्हणाली. "मघाशी काका आत आले तेव्हा तुम्ही मान कधी वळवलीत? ते ओरडायच्या आधी की नंतर?"

"आधी. कळलं मला कुणी आलंय ते."

"कसं कळलं?"

आप्पांनी विचार केला. ते फळ्यांच्या पट्ट्यावर बसले होते आणि काका त्याच फळ्यांवरून आले होते.

"बुडाला कळलं," ते म्हणाले.

चिमीने बुटांच्या रांगेतून एक जुना पातळ तळाचा जोड काढला, चामडं झिजून पापड झालेला. "हे घाला. मी छोटेचे बूट घालते आणि तुमच्या मागे, याच फळ्यांवर चालते. पडद्यावर एक त्याचं, एक मालिकचं पडतं. चित्राची वेळ मी सांभाळते. माझं पाऊल तळव्यात आलं की तुमचं टाका. पडद्याकडे बघूच नका."

"दोघांचं एकत्र?" खुंट्या म्हणाला. "ताई, नंतर वेगळं करता येणार नाही. एकाचं चुकलं की दोघांचं गेलं."

"नकोच करायला वेगळं," चिमी म्हणाली.

"आणि गोळी?" काकांनी छडीकडे पाहिलं. "गोळी मागाहून घे रे बाबा. दादा पुढे चालत असताना मी नाही मारणार."

आई आपल्या खुर्चीवर पाठमोरी जाऊन बसली. खुंट्याने आत जाऊन दार लावलं. चित्र सुरू झालं.

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. एकदा आप्पांनी घाई केली, एकदा चिमीनेच. तिसऱ्या खेपेला तिने पाऊल टाकलं, फळी दबली, आणि तिच्या पुढचा म्हातारा पाय त्या दबण्यातून निघून आपल्या जागी येऊन टेकला. बरोबर जागी. पुन्हा एक. पुन्हा एक. पडद्याकडे बघता बघता तिला मधे आप्पांची मान दिसत होती, कॉलरच्या वर, पांढऱ्या केसांची. लहानपणी ती याच मानेमागून चालायला शिकली होती. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून, याच फळ्यांवर, फ्रॉक घालून. आता ते तिच्या पावलाची वाट बघत होते आणि मगच आपलं टाकत होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.

व्हरांडा संपत आला. चिमीला वाटलं, आपण थांबावं. आपण पाऊल टाकलं नाही तर हेही टाकणार नाहीत, आणि शेवटची भिंत येणारच नाही. पण चित्र थांबत नव्हतं आणि तिने त्यांना शब्द दिला होता. तिने पाऊल टाकलं. त्यांनीही टाकलं. शेवटची चार, तीन, दोन. मग दोघंही उभी राहिली. मालिकने आपलं वाक्य म्हटलं आणि खोली शांत झाली.

काचेपलीकडे खुंट्याने अंगठा वर केला. मग तोच हात हळूच खाली घेतला.

"पावलं जागेवर आहेत," त्याचा आवाज आला. "सगळीच्या सगळी. पण आप्पा, शेवटी ताईचा हुंदका आत आलाय. एकत्र घेतलंय ना, आता काढता येणार नाही. पुन्हा एकदा चालता का?"

आप्पा चेहऱ्यांकडे बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. आईने आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्ची पडद्याकडे वळवली आणि ओरडून सांगितलं, "अहो, चिमी रडली! ते आत आलंय!"

पडद्यावर शेवटचं चित्र थांबलेलं होतं. पुढे मालिक, मागे छोटे, दोघांच्याही पाठी. आप्पांनी ते बराच वेळ पाहिलं.

"छोटेचा चेहरा दिसतो का पुढे कुठे?"

"नाही, आप्पा. शेवटपर्यंत पाठमोराच आहे."

"मग रडतच असणार," आप्पा म्हणाले. "राहू दे ते."